फेंडर व्हायब्रो चॅम्प, 1973: दिवाळी ते पावसाळा वापरून

लिहायचं टाळत होतो, पण मागच्या महिन्यात दुरुस्तीच्या दुकानात जे झालं त्यानंतर राहवलं नाही. सहा वॉटच्या आसपासचा, आठ इंची स्पीकरचा, सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलच्या) पिढीतला छोटा गिटार ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर. बाकीची आकडेवारी इथे येणाऱ्यांना पाठ असते, ती उगाळत नाही. मामेभावाने न्यू जर्सीहून चेक-इन बॅगेत घालून आणला, काचेचे व्हॉल्व्ह मोज्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत. साडेसहाशे डॉलर मोजले. माझी गिटार याच्या चौथाईतही बसते.

जुनी गिटार का नाही घेतली, असं विचारतात. नाही परवडत, आणि पारख करताना डोकं फिरतं. गिब्सनच्या जुन्या हमबकर पिकअपखालचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग) 'पेटंट अप्लाइड फॉर'चा इवलासा स्टिकर खरा की खोटा यावर लाखोंचा फरक पडतो. त्यानंतरच्या स्टिकरवर पेटंटचा नंबर आला, तर तो 2,737,842. हे पेटंट पिकअपचं नाहीच, लेस पॉलच्या टेलपीसचं (तारा अडकवायच्या पट्टीचं) आहे. जिथे कंपनीनेच असा गोंधळ घालून ठेवलाय तिथे आपण पुण्यात बसून काय ओळखणार? ॲम्पचं बरं असतं. चार स्क्रू काढले की आतले पार्ट स्वतःच बोलतात.

माझ्याचंच सांगतो. पॉटच्या, म्हणजे बटणामागच्या पोटेंशिओमीटरच्या, पाठीवर 137 7305. 137 म्हणजे सीटीएस ही कंपनी, साल 73, आठवडा पाचवा. पॉवर ट्रान्सफॉर्मरवर 606, म्हणजे शूमाकर, आणि पुढे 309. स्पीकरच्या लोखंडी चौकटीवर 465-311, म्हणजे ऑक्सफर्ड. या शेवटच्या दोघांत सालाचा एकच आकडा असतो (पुढचे दोन आठवड्याचे), त्यामुळे 63 की 73 असा घोळ होतो. पण व्हायब्रो चॅम्प बाजारात आला 1964 मध्ये, म्हणजे 63 बाद. एकट्या पॉटवर मात्र विसंबू नका. फेंडरने 1966 मध्ये पॉट घाऊक घेऊन ठेवले होते, ते पुढची दोन-तीन वर्षं वापरात होते. जो पार्ट सगळ्यात नवा, त्याच्या आधीचा ॲम्प असू शकत नाही, एवढं धरून चाला. आणि घरात ॲम्प आला की पहिल्या दिवशी प्रत्येक कोडचा फोटो काढा. का, ते पुढे येतंच आहे.

जूनमध्ये आवाज बसला, मधूनच खर्रर्र व्हायला लागलं. मुंबईतल्या एका दुकानात दिला. फिल्टर कपॅसिटर बदलले, ते बरोबरच केलं. पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक वाळतातच, आणि ते बदलल्याने ॲम्पची किंमतही पडत नाही. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) मेला होता, 5वाय3, तोही नवा टाकला. पण घरी येऊन वाजवला तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. मागून टॉर्च मारली तर आत चकचकीत नवा स्पीकर! फोन केला.

"साहेब, कोन फाटला होता, म्हणून बदलला."
"मग जुना कुठाय?"
"भंगारात गेला ना."

दुसऱ्या दिवशी डेक्कन क्वीन पकडून गेलो आणि काउंटरवर फोटो ठेवला. म्हटलं, 465-311 लिहिलेला स्पीकर शोधा, तोपर्यंत मी इथेच बसतो. अर्ध्या तासात मागच्या फळीवरून निघाला. कोन धडधाकट, डस्ट कॅपला तेवढा एक पोचा. स्पीकरचे पैसे परत घेतले, जुने कपॅसिटर आणि जुना 5वाय3 पण पिशवीत भरून घेतले. पुढेमागे विकायचा झाला तर ही पिशवी सोबत द्यायची असते. मजुरीचे मात्र पूर्ण कापले. त्याचा राग अजून आहे.

शनिवार पेठेत एक काका आहेत, व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करत हयात गेली. स्पीकर त्यांच्याकडून पुन्हा बसवून घेतला. नवा आठ ओहमचा होता, मूळचा चार ओहमच्या जवळपासचा. "एवढंही बघत नाहीत?" एवढंच बोलले आणि कामाला लागले. स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. बंद केल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहतात. 60च्या दशकातला, दोन पिनांच्या वायरचा घेतलात तर वाजवण्याआधी तीन पिनांची करून घ्या, आणि मेनच्या तारेपासून चासीला जोडलेला छोटा कपॅसिटर काढायला लावा. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांतून झटका तुम्हालाच. माझ्याला तीन पिना पहिल्यापासून आहेत.

आता मूळ दुखणं. व्होल्टेज.

ॲम्प 117 व्होल्टसाठी केलेला. तपकीर गल्लीत मिळतो तो स्टेप-डाउन डबा काय करतो, तर आलेल्या व्होल्टेजचं अर्धं करतो. वर 110 छापलेलं असतं, पण आमच्या सोसायटीत रात्री 248 असतात, म्हणजे ॲम्पला 124. मी मल्टिमीटर लावून वहीत लिहून ठेवायला लागलो. बायको म्हणाली, वाजवतोस कमी, मोजतोसच जास्त. पण हिटरला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) 6.3 च्या जागी 6.7 जातात, आतलं हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हचं मोठं व्होल्टेज, त्याच प्रमाणात चढतं. त्यात दुकानाने टाकलेला रशियन 5वाय3. नाव तेच, पण जुन्या अमेरिकनपेक्षा स्वतःत कमी व्होल्ट पाडतो, म्हणजे आणखी चढ. जूनचं दुखणं या चढ्या व्होल्टेजातूनच आलं, असं मी धरून बसलो होतो, आणि इथल्या विजेला भरपूर शिव्या घातल्या.

भावाला सांगितलं तर तो हसला. "अरे, आमच्या भिंतीतही 122 येतात." त्याच्याकडे मोजून घेतलं, 122.4. म्हणजे तिकडचे सगळे जुने फेंडर आज असेच तापत चाललेत, पुण्याचं एकटं काही नाही. शिव्या मागे.

तरी आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहेच, आणि ती स्टेप-डाउन विकणारा सांगत नाही. तिकडे 60 हर्ट्झ, इथे 50. 60 साठी बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला 50 वर 120 व्होल्ट दिले, तर गाभ्याला ते 60 वरच्या 144 सारखे पडतात. म्हणून तासाभरात ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नाही. काकांनी यावर उपाय सांगितला: डिमरस्टॅट. कॉलेजच्या लॅबमध्ये असायचा तोच, गोल बटण फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा. जुन्या बाजारात रविवारी बाराशेला मिळाला, घासाघीस करून. तो ॲम्पला थेट लावायचा नाही. याचं बटण 270 पर्यंत जातं आणि आमच्याकडे सातवीतलं कार्टं आहे. आधी डिमरस्टॅट, मग अर्धं करणारा डबा. मग कोणी बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी ॲम्पला 140 च्या वर काही मिळत नाही, आणि धोक्याला फ्यूज आहे.

ॲम्पला 105 मिळतील असं लावलं. 50 हर्ट्झवरचे 105 म्हणजे 60 वरचे 126, एवढं ट्रान्सफॉर्मर सोसतो. हिटरला 5.67 मिळतात, म्हणजे बरोबर दहा टक्के कमी. याच्या खाली जाऊ नये, व्हॉल्व्हचा कॅथोड खराब होतो.

हे सगळं मी ॲम्प जगावा म्हणून केलं. आवाजाचं डोक्यातही नव्हतं. पण 105 वर पहिला ई कॉर्ड मारला आणि थांबलोच. 124 वर व्हॉल्यूम सात-आठवर न्यावा लागायचा तो फाटका, गोड आवाज पाचवर आला. जोरात मारलं की किंचित दबतो, मग श्वास घेतल्यासारखा फुलतो. गिटारवादक एडी व्हॅन हेलन व्हेरिअॅकने (डिमरस्टॅटच तो) मोठ्या मार्शलचं व्होल्टेज पाडायचा ते वाचलं होतं, पण आठ इंची डब्यात हे मिळेल असं वाटलं नव्हतं. दिवाळीपासूनचे महिने मी भलताच ॲम्प वाजवत होतो.

ट्रेमोलोचा स्पीड सगळ्यात कमी ठेवला तरी मला हवा तेवढा संथ होत नाही. बेसचं बटण असून नसल्यासारखं. आणि सहा वॉट ऐकून फसू नका, फ्लॅटमध्ये पाचच्या वर नेलात तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात.

परदेशातून मागवणार असाल तर स्टेप-डाउन घेताना वरचं 110 वाचू नका, रात्री अकराला घरातलं व्होल्टेज मोजा आणि निम्मं करा. जुना अमेरिकन 5वाय3 मिळाला तर दोन घ्या. भाऊ गणपतीत येतोय, त्याला यादी धाडलीय. स्वस्तात बघ, असंही लिहिलंय.