१५०-६०० झूम, सात महिन्यांनी: पिल्लं, पाणी आणि माझी हाव

मे महिन्यात नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन ही १५० ते ६०० मिमीची लेन्स घेतली (आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो) तेव्हा दुकानदाराला मी एकच विचारलं होतं, "सहाशेला कशी आहे?" सात महिने वापरल्यावर कळतंय की प्रश्नच चुकला होता. साडेतीनशे-चारशेला कशी आहे, हे विचारायला हवं होतं. हार्डडिस्कवर ठेवण्यासारखे जे फोटो उरलेत, ते बहुतेक तिथलेच आहेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या वर्गातल्या लेन्स एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात: वजन दोन किलोच्या आसपास, सहाशेला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) ६.३, आणि गळ्यात टांगली की नळी आपोआप खाली घसरते. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, त्यामुळे सहाशेचं दृश्य नऊशेसारखं दिसतं. आणि काम एकच, पावसाळ्यात पिल्लं घेऊन फिरणारे पाणपक्षी.

पहिला महिना लेन्सला शिव्या देण्यात गेला. अंबाझरी तलावाच्या काठावरून काढलेला प्रत्येक लांबचा फोटो मऊ, पिसं जणू तुपात बुडवलेली. बदलून घेऊन येतो म्हणून घरी जाहीरही केलं. मग एकदा पहाटे साडेपाचला गेलो आणि त्याच लेन्सने पापणीसुद्धा टिपली. दोष नागपूरच्या उन्हाचा होता. नऊ वाजले की तापलेला काठ आणि पाणी यांच्यावरची हवा थरथरायला लागते, आणि सहाशेवर ती थरथर पक्ष्यासकट मोठी होऊन येते. त्याला कुठल्याच किमतीची लेन्स उपाय नाही. लवकर उठणं आणि जवळ असणं, एवढंच हाती आहे. पावसाळी ढगात मात्र दहा-साडेदहापर्यंत काम झालं.

आता हावेबद्दल. जुलैत टिबुकलीची जोडी सापडली. या पक्ष्याची पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या पाठीवर, पंखांत शिरून बसतात; डोक्यावर काळेपांढरे पट्टे, चोच गुलाबीसर. मी थेट सहाशेवर गेलो, वर घरी येऊन फोटोच्या कडा आणखी कापल्या (क्रॉप). फ्रेमभर टिबुकली, पाठीतून डोकावणारं डोकं. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "हे पाण्यात आहे का टेबलावर?" बरोबर होतं तिचं. पिल्लू किती लहान आहे हे कळायला मोठं पाणी दिसायला हवं, आणि पाणी तर मीच कापून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी चारशेवर आलो. पुढे मोकळं पाणी, मागे पोहण्याची पाचरीसारखी रेघ, खाली दोघांचं डोलणारं प्रतिबिंब. तो फोटो आता भिंतीवर आहे.

तेव्हापासून कापण्याचे माझे काही हट्ट झालेत. प्रतिबिंब अर्धं तोडायचं नाही. एकतर पूर्ण ठेवायचं, नाहीतर मुळातच जवळचं दृश्य घ्यायचं. पक्षी ज्या दिशेने पोहतोय तिकडे जास्त जागा, पण पिल्लू वळून आईकडे बघत असेल तर हा नियम मोडायचा, कारण तेव्हा फोटोची दिशा पिल्लाची नजर ठरवते. आणि त्या दोघांमधलं रिकामं पाणी भरून काढायला जायचं नाही. हातभर अंतरावरचं पिल्लू आणि थांबलेली आई, यात सगळं त्या अंतरातच आहे.

हळदी-कुंकू बदकाने तर कानच धरला. (चोचीच्या बुडाशी लाल ठिपके, टोक पिवळं, म्हणून हे नाव. इतकं नेमकं नाव शोधून मिळायचं नाही.) मागे पिल्लांची रांग. शेवटचं एक बरंच मागे पडलेलं, म्हणून मी ते कापून रांग नीटनेटकी केली. फोटो छान, पण खोटा वाटायला लागला. परत मूळ फाइल उघडली आणि कॅमेऱ्याचं नेहमीचं ३:२ प्रमाण सोडून तीनास एक अशी लांब पट्टी कापली. ६००० बाय ४००० मधून ६००० बाय २००० उरतं, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) वीस इंच रुंद प्रिंट आरामात निघते. मागे राहिलेलं ते पिल्लू आता फोटोच्या उजव्या टोकाला आहे आणि बघणाऱ्याचा डोळा तिथेच जाऊन थांबतो. उलट, दोन्ही बाजू अर्ध्या करून कापलं की ६ मेगापिक्सेल हातात राहतात; त्यात दहा इंची प्रिंट होते, पण आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० वर काढलेलं असेल तर दाणे मोजून घ्या.

खरी डोकेदुखी आहे फोकसच्या खोलीची. वीस मीटरवर, सहाशेला, ६.३ वर स्पष्ट भाग मिळतो जेमतेम पाऊण-एक फूट. आई टिपली की पिल्लू धूसर, पिल्लू टिपलं की आई. अ‍ॅपर्चर ९ केलं तर सव्वा फुटाच्या आसपास जातं, पण प्रकाश निम्मा होतो. सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे: दोघं तुम्हाला समांतर येईपर्यंत बोट आवरणं. नाहीच आली तर पिल्लावर फोकस, आईला धूसर राहू द्या. उलटं केलं तर फोटो मेला.

उमरेड रोडकडे आत एका गावाच्या तळ्यात शिंगाड्याचं पीक आहे. तळ्याचं नाव देणार नाही, तिथे घरटी असतात. तिथे कमळपक्षी. यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. मादी दुसरा संसार थाटायला मोकळी. तिथल्या ढीवरकाकांना हे सांगितलं तर ते जाळं झटकत म्हणाले, "आमच्याकडे उलटं होऊन राहिलं नं भाऊ." या पिल्लाच्या पायाची बोटं अंगाच्या मानाने एवढी लांब की फ्रेम जरा घट्ट केली की बोट तुटलंच. इथे चौरस कापणी शोभते, पानांचा हिरवा गालिचा चारी बाजूंनी राहतो. काठावर पोटावर झोपून लेन्स पाण्याच्या पातळीला आणली तर मागची पानं विरघळून जातात. बाप ओरडायला लागला की मात्र मी मागे सरकतो. टिबुकलीने घरटं सोडताना अंड्यांवर शेवाळ ओढलं, की समजायचं आपण फार जवळ आलोय.

सांभाळण्याबद्दल थोडं. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालतो आणि त्या खोलीची हवा ओली असते. तिथे लेन्स ठेवू नका, बुरशी लागते. मी झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो. टेकू म्हणून जुन्या जीन्सची पिशवी शिवली, त्यात गहू भरला, ऑगस्टमध्ये सोंडे निघाले. आता चिंचोके भरलेत.

नळी घसरण्यावर सर्व्हिसवाल्याने "असंच असतं" एवढंच सांगितलं. मी तिथे रुंद रबरबँड लावला आहे, नेमका चारशेच्या खुणेवर.