ॲपवरचा थेरपिस्ट की एकटी बसणारी मॅडम? एका कडक बापाचा हिशेब

सगळं आपल्याच हातात लागण्याच्या खोडीला आमच्याकडं ‘कंट्रोल इश्यू’ असं कुणी म्हणत नाही. माणूस कडक असतो, शिस्तीचा असतो, फारच झालं तर हेकेखोर असतो. मी या तिन्ही पायऱ्या चढलोय. परभणीत कृषी सेवा केंद्र, लातूरला नीटच्या तयारीला ठेवलेला मुलगा, घरी बायको आणि आई. दुकानातले चार कॅमेरे माझ्या मोबाइलवर. पाथरीला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. उजव्या हातानं भात कालवायचा आणि डाव्या हातातल्या मोबाइलवर, दुकानातला पोरगा युरियाची गोणी कुठं टेकवतोय ते बघायचं, असं चाललं होतं. बायको म्हणाली, “जेवायलात का राखण करायलात?” त्या रात्री मी ऑनलाइन थेरपिस्ट शोधायला लागलो.

दोन पर्याय आधीच बाजूला करतो. परभणीतच समोरासमोर जायचं, तर वेटिंगमध्ये शेजारी माझंच एखादं गिऱ्हाईक निघणार, आणि “भाऊ, इकडं कसं काय?” या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. संभाजीनगर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तासाभरासाठी दर आठवड्याला अख्खा दिवस घालवणं दुकानदाराला परवडत नाही.

दुसरा पर्याय सरकारी टेलिमानस, नंबर 14416. ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री दीड वाजता लावला होता. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या रात्रीपुरतं डोकं थंड झालं. पण ती सेवा वेळ निभावून न्यायला, आणि गरज पडली तर पुढं जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला जोडून द्यायला आहे. वीस वर्षांची खोड मोडायची तर समोर दर आठवड्याला तोच माणूस हवा, असं मला तेव्हाही वाटत होतं. का वाटत होतं ते नंतर कळलं.

आणि घरातली हुकूमत मारहाणीपर्यंत, पैसे काढून घेण्यापर्यंत, माहेरी जाऊ न देण्यापर्यंत गेली असेल आणि तुम्ही ती सोसणाऱ्या असाल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. त्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. आधी तिकडं जा.

राहिले दोन रस्ते. एक म्हणजे मोठं ॲप, ज्यावर रांगेनं थेरपिस्ट बसलेले असतात. दुसरा म्हणजे स्वतंत्रपणे, फोनवर किंवा व्हिडिओवर काम करणारा एकटा थेरपिस्ट. मी दोन्ही केले, याच क्रमानं.

ॲपची सुरुवात झकास होते हे कबूल. प्रश्नावली भरली की पाच मिनिटांत तीन फोटो समोर. पहिलं सेशन जवळजवळ फुकटात. रात्री बारा वाजताही स्लॉट मिळतो, मधल्या दिवसांत चॅट करता येतं, आणि कुणाला नाव-गाव सांगायची गरज नाही. आमच्या नात्यातली एक बाई एकत्र कुटुंबात राहते. घरात आठ माणसं, भिंती पातळ. तिला मोठ्यानं एक वाक्य बोलायची सोय नाही. ती ॲपवर नुसतं टाइप करते आणि तिला त्याचा गुण आलाय. अशा परिस्थितीत मी दुसरं काही सुचवणारच नाही.

माझं बिनसलं ते एका बटणावर.

सेशन संपलं की पडद्यावर पाच चांदण्या यायच्या आणि त्यांच्या खाली चांगलं ठळक बटण, ‘चेंज थेरपिस्ट’. आता विचार करा. ज्याला सगळं आपल्या हातात लागतं अशा माणसाच्या हातात तुम्ही हे बटण देताय. पहिला थेरपिस्ट तरुण मुलगा होता. चौथ्या सेशनला म्हणाला, “सर, तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही.” दोन चांदण्या दिल्या आणि बदलला. दुसऱ्या बाई हिंदीत बोलायच्या, स्वभावानं फार चांगल्या. त्यांनी सुचवलं, एक दिवस मुलाला फोन करू नका. मी यादीतून ‘भाषेची अडचण’ हे कारण निवडलं आणि त्यांनाही बदललं. तिसऱ्या बाई मला मानवत होत्या, तर त्या स्वतःच ॲप सोडून गेल्या. सकाळी मेसेज आला की तुमच्यासाठी नवीन थेरपिस्ट शोधतोय. दहा आठवड्यांत तिघं झाले, चौथा वाटेवर.

बदलण्याचा त्रास पैशाचा नव्हता, वेळेचाही फारसा नव्हता. त्रास असा की दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. माझी गोष्ट लातूरच्या हॉस्टेलची आहे. टेस्टचे मार्क आले नाहीत, मुलगा फोन उचलेना. रात्री अकरा वाजता मी त्याला नऊ फोन केले, वॉर्डनला चार, आणि शेवटी त्याच्या रूम पार्टनरच्या वडलांना अहमदपूरला झोपेतून उठवलं. मुलगा मोबाइल सायलेंट करून झोपला होता. दुसऱ्या दिवशी पेपर होता.

पहिल्या थेरपिस्टला हे जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या बाईंना सांगताना ते ‘काळजीपोटी एक-दोन फोन’ झालं. तिसऱ्या बाईंपर्यंत गोष्ट इतकी घासूनपुसून निघाली, की त्यात मी बिचारा बाप आणि तो फोन न उचलणारा आजकालचा पोरगा. हे मी मुद्दाम केलं नाही. पण नवीन ऐकणारा मिळाला की माणूस गोष्ट नव्यानं रचतो, आणि माझ्यासारखा तर रचतोच. दुकानावर चार कॅमेरे होतेच, हा पाचवा मी गोष्टीवर लावला होता. तिन्ही थेरपिस्ट वाईट नव्हते. पण त्यातल्या कुणालाच आधीची आवृत्ती माहीत नव्हती.

मग नांदेडच्या ओळखीच्या डॉक्टरांनी एका मॅडमचा नंबर दिला. संभाजीनगरला बसतात, ऑनलाइन घेतात. त्यांची सुरुवात ॲपच्या अगदी उलट, म्हणजे वैतागवाणी. तीन आठवडे वेटिंग. वेळ एकच, गुरुवारी संध्याकाळी 7, पन्नास मिनिटं, 1200 रुपये. चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी. मधे चॅट नाही. मी मंगळवारी व्हॉट्सॲपवर पानभर लिहून पाठवलं, तर उत्तर आलं, ‘वाचलं. गुरुवारी बोलू.’ मी दोन दिवस धुमसत होतो. ॲपच्या पॅकेजमध्ये मला सेशनमागं साधारण आठशे पडायचे, म्हणजे इथं पैसेही जास्त आणि आपला शब्दही चालत नाही!

जूनमध्ये खरी कुस्ती झाली. पेरणीचे दिवस, दुकानासमोर सोयाबीनच्या बियाण्याला रांग. मी म्हणालो, मॅडम, महिनाभर रविवारी करू. त्या म्हणाल्या, “रविवार माझ्याकडं नाही. जून बंद ठेवू, किंवा गुरुवारीच करू. तुम्ही ठरवा.” ॲपवर असतो तर त्या क्षणी बटण दाबलं असतं. इथं बटणच नव्हतं. गुरुवारी सात वाजता गल्ला पोराच्या हवाली करून मागच्या गोदामात जाऊन बसलो. सेशन फोनवर चालू असताना कॅमेरे बघता येत नाहीत, ही आणखी एक गैरसोय. मॅडमना ती ठाऊक होती का, विचारलं नाही.

पाचव्या सेशनला हॉस्टेलची गोष्ट पुन्हा निघाली. मी बोलत होतो, पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “पहिल्या दिवशी वॉर्डनला चार फोन म्हणाला होतात. आज एक म्हणताय. बाकीचे तीन कुठं गेले?”

मी समोरच्या डीएपी खताच्या गोण्या मोजायला लागलो. बावीस भरल्या. मग म्हणालो, “चारच होते.” माझ्या मते थेरपी त्या दिवशी सुरू झाली. आधीचे तीन महिने नुसतं बोलणं झालं. ॲपवरही एकालाच चिकटून राहिलो असतो तर हे घडलं असतं का? असेलही. पण मी चिकटून राहणारा माणूस असतो तर मला थेरपी कशाला लागली असती?

भाषेचं आता थोडं, कारण ‘भाषेची अडचण’ हे मी खोटं दिलेलं कारण पुढं खरंच निघालं. मॅडम आरईबीटी वापरतात. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. इच्छा आणि हट्ट यांतला फरक हा तिचा गाभा. माणूस इच्छेला हुकमाचं रूप देतो आणि हुकूम मोडला की पेटतो. ‘मुलानं अभ्यास करावा’ ही इच्छा, ‘मुलानं अभ्यास केलाच पाहिजे’ हा हट्ट. मधे अक्षर एकच, ‘च’. मॅडमनी मला दिवसभरातले ‘च’ मोजायला लावले. बिलबुकाच्या मागच्या पानावर रेघा ओढत गेलो. दुकान उघडल्यापासून जेवायच्या सुट्टीपर्यंत सव्वीस. “हीच गोणी आधी उचल.” “आत्ताच कर.” “मी सांगितलं तसंच.” हिंदीत बोलताना मी सभ्यपणे ‘मैं चाहता हूँ’ म्हणायचो, आणि बाईंना वाटायचं, याची तर साधी इच्छा आहे. माझा ‘च’ त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही. तुमचा राग ज्या बोलीत निघतो त्याच बोलीत बोलता येईल असा माणूस शोधा, एवढं मात्र मी जरा जोर देऊन म्हणेन. ॲपवर मराठी थेरपिस्ट नसतात असं नाही, पण भाषा निवडली की यादी एकदम आखूड होते.

आता एकट्या थेरपिस्टची काळी बाजू. ॲपनं निदान कागद तपासलेले असतात असं आपण धरून चालतो. इथं ते काम तुमचं. ‘काउन्सेलर’ ही पाटी चार शनिवार-रविवारचा कोर्स करूनही लावलेली दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद मात्र रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेकडं असावी लागते. नोंदणी क्रमांक सरळ विचारा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर जुळवून बघा. खरा माणूस रागावत नाही. आमच्या मॅडमनी विचारायच्या आधीच पाठवला होता. नियंत्रणाच्या खोडीसाठी क्लिनिकलच हवा असंही नाही. सायकॉलॉजीत एम.ए. केलेला, अनुभवी समुपदेशकही चालेल. मात्र झोप उडाली असेल, किंवा कुलूप वीस वेळा तपासल्याशिवाय पाय निघत नसेल, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. तिथं आधी सायकियाट्रिस्टला दाखवावं, कारण औषध लिहून देणं थेरपिस्टच्या हातात नसतं.

नेटवर्कचं म्हणाल तर ॲपवर व्हिडिओचा आग्रह, आणि आभाळ भरून आलं की माझा चेहरा तोंड वासलेल्या अवस्थेत अडकायचा. मॅडम साध्या कॉलवर बोलतात. विषय संपला.

तर ज्याला घरात बोलायला जागा नाही, ज्याला पहिलं पाऊल टाकायचीच भीती वाटते, किंवा ज्याचं काम चार-सहा सेशनचं आहे, त्यानं ॲप जरूर घ्यावं. मोठं पॅकेज आधी घेऊ नये, एवढं पथ्य पाळावं. पण खोड माझ्या जातीची असेल, म्हणजे डॉक्टरालाही कुठं सुई टोचायची ते आपणच सांगायचं, तर मला वाटतं जिथं बटण नाही तिथं जावं. माझा अनुभव एका माणसाचा आहे आणि मॅडम नशिबानं चांगल्या मिळाल्या, हेही खरं.

मुलाला आता दिवसाआड फोन असतो, तोही त्यानं करायचा असं ठरलंय. कधी करतो, कधी विसरतो. कॅमेरे चारही चालू आहेत. मॅडमनी ते काढायला सांगितलेले नाहीत आणि मीही विषय काढलेला नाही. मागच्या गुरुवारी सेशन संपवून गोदामातून बाहेर आलो तर पोरगा शटर ओढून, कुलूप लावून घरी गेला होता. गाडीला किल्ली लावली, मग उतरलो आणि जाऊन कुलूप ओढून बघितलं. एकदाच.