छोटं बार्बरशॉप लावायचंय: व्हिंटेज, इंडस्ट्रियल की साधं पांढरं?

दहा बाय पंधराचा गाळा, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलेले ढीगभर फोटो, अशा अवस्थेत जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. फोटो बघत बसलं की फिरून फिरून तीनच प्रकार समोर येतात. पहिला व्हिंटेज, म्हणजे गडद लाकूड, बटणं मारलेल्या लेदरच्या खुर्च्या, काळीपांढरी चौकटीची फरशी आणि पिवळे दिवे. दुसरा इंडस्ट्रियल, यात उघडी वीट, लोखंडी पाइप, काळं रंगवलेलं उघडं छत आणि वरून लोंबणारे फिलामेंट बल्ब. तिसरा साधा, फिक्या भिंती, मॅट टाइल, सपाट आरसे, पांढरा उजेड. फोटोत पहिले दोन कायम भाव खाऊन जातात, त्यात वाद नाही, पण ते फोटो दुकान चालू व्हायच्या आधी काढलेले असतात, जमिनीवर एकही केस पडलेला नसताना, आणि तुम्हाला तर तिथे दिवसभर उभं राहून काम करायचंय. म्हणून मी तुलना करताना दोनच गोष्टी पुढे ठेवतो, उजेड कुठे पडतो आणि केस कुठे पडतात. बाकीचं त्याच्या मागून.

आधी उजेड, कारण इथे गडबड झाली तर कटिंगच बिघडते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका पांढरा-निळसर. फिलामेंट बल्बचा उजेड साधारण २२०० केल्विनचा असतो, नेहमीचा वॉर्म व्हाइट २७०० च्या आसपास. बसायला छान वाटतं, पण या पिवळ्या उजेडात पिकलेले केस पिवळट दिसतात, केसांच्या रंगाची शेड नीट कळत नाही, आणि फेड मारताना, म्हणजे खालून वर केस हळूहळू लांब ठेवत जाताना, जिथे मशीनचा शून्य नंबर संपून एक नंबर सुरू होतो तिथली रेघ चक्क नजरेतून सुटते. कस्टमर बाहेर उन्हात गेला की कानावरची तीच रेघ सगळ्यांना दिसते. उलट ६५०० चे पांढरेफटक दिवे लावले तर चेहरा निळसर, आजारी वाटतो, आणि कटिंग कितीही भारी झाली तरी माणूस आरशात स्वतःला बघून खूश होत नाही. कामाला ४००० केल्विन बरोबर बसतो. दिवे घेताना खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, तो ९० किंवा वर पाहिजे, नेहमीचे स्वस्तातले एलईडी ८० च्या आसपास असतात आणि त्यात त्वचेचा लालसरपणा मरतो, दाढी करताना कातडी कुठे लाल झालीय ते कळायलाच पाहिजे ना.

दिवा कुठे लावताय हेही तितकंच महत्त्वाचं. डोक्यावर बरोबर मध्ये स्पॉटलाइट म्हणजे भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली, म्हणजे वस्तरा जिथे सगळ्यात जपून चालवायचा तिथेच अंधार! आरशाच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला उभे दिवे लावले की ही सावली जवळजवळ जाते. साध्या प्रकारात हे सहज जमतं. व्हिंटेजमध्येही जमतं, दोन बाजूंना दुधी काचेचे दिवे त्या लूकला शोभतातच, फक्त आतला बल्ब ४००० चा घ्यायचा. इंडस्ट्रियलमध्ये मात्र अवघड जातं कारण तो सगळा लूकच लोंबणाऱ्या उघड्या बल्बवर उभा आहे, आणि उघडा बल्ब आरशासमोर टांगला की तो आरशात दुसऱ्यांदा दिसतो आणि कारागीर आणि कस्टमर दोघांच्या डोळ्यांत जातो. त्यात भिंती आणि छत काळं. पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत फेकते, काळी किंवा गडद भिंत जेमतेम १० टक्के, म्हणजे तेवढ्याच जागेत तेवढाच उजेड हवा असेल तर दिवे बरेच जास्त लागतात, आणि एवढ्याशा गाळ्यात ते दिवे आणि त्यांची उष्णता डोक्यावरच असते.

आता केस. नुसते लांब केस असते तर प्रश्नच नव्हता, झाडूने निघतात. त्रास असतो मशीनमधून उडणाऱ्या त्या बारीक भुश्शाचा, जो पाण्याच्या फवाऱ्याने ओला होऊन चिकटून बसतो. व्हिंटेजमधलं लाकडी पॅनेलिंग जवळून बघा. त्याच्या खाचेत ओलं फडकं फिरवलं की फडकं वरवर पुसतं आणि भुसा अजून आत ढकलतं, महिन्याभरात प्रत्येक खाचेत एक काळी बारीक रेघ तयार होते जी ब्रशनेच काढावी लागते. बटणं मारलेल्या खुर्चीचंही तेच, प्रत्येक बटणाच्या खळग्यात केस. उघड्या विटेची भिंत तर खुर्चीच्या जवळ नकोच, विटांमधल्या सांध्यात सगळं जाऊन बसतं, क्लिअर सीलर मारला तर थोडं सुसह्य होतं पण पुसता येण्यासारखी ती भिंत कधीच होत नाही. सपाट सनमायका किंवा धुता येणारा रंग असेल तर एका हाताने भिंत स्वच्छ.

फरशीवर जरा जास्त वेळ घालवा, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं पण फरशी बदलायची म्हणजे दुकान बंद. चौकटीची काळीपांढरी फरशी दिसायला राजेशाही, पण पांढऱ्या चौकोनावर काळा केस उठून दिसतो आणि काळ्या चौकोनावर पिकलेला, म्हणजे झाडलं तरी दोन मिनिटांत परत घाण दिसायला लागते. शिवाय टाइल जितकी लहान तितके सांधे जास्त, आणि सांध्यात भरतात त्या साध्या सिमेंटच्या ग्राउटमध्ये पाणी मुरतं, तो काळा पडतो. मधल्या राखाडी रंगाची, थोडी ठिपक्यांची मॅट टाइल, दोन बाय दोन फुटांची, आणि सांध्यात इपॉक्सी ग्राउट, ज्यात पाणी मुरत नाही, हे माझ्या मते बेस्ट. चकचकीत टाइल अजिबात नको, कापलेले केस मुळातच निसरडे असतात, त्यावर पाण्याचे दोन थेंब पडले की पाय सरकलाच. इंडस्ट्रियलवाले पॉलिश केलेलं काँक्रीट करतात, नीट सील केलेलं असेल तर तेही चालतं, सांधेच नसतात, तिथे त्या लूकला पूर्ण मार्क. लाकडी लॅमिनेट बेसिनजवळ फुगतं. व्हिनाइल शीट पायांना मऊ लागते, पण खुर्चीचं बूड जड असतं, तिथे कायमचा खड्डा पडतो. कुठलीही फरशी घ्या, खुर्चीच्या मागच्या बाजूला उभं राहायला रबरी मॅट घालाच, संध्याकाळी पाय आणि कंबर आभार मानतील.

मापाचं गणित इथेच करून टाकू. खुर्ची पूर्ण मागे पाडली की साधारण साडेपाच-सहा फूट जागा खाते. आरशाखालचं काउंटर एक फूट धरा, झाले सात. दहा फूट रुंदीत मागे उरले तीन, म्हणजे कारागीर डोक्यामागे उभा राहू शकतो आणि जरा अंग चोरून मागून एक माणूस जाऊ शकतो. आता व्हिंटेजचं ते जाडजूड ड्रॉवरवालं कपाट घ्या, दोन फूट खोलीचं, की मागे दोनच फूट उरले आणि कोपर भिंतीला लागायला लागलं. लांबीच्या बाजूला दोन खुर्च्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट सोडा, साडेचारच्या खाली गेलात तर दोन कारागीर एकमेकांना धडकणार. पंधरा फुटांत दोन खुर्च्यांना दहा गेले, राहिलेल्या पाचात बेसिन आणि बसायचा बाक. तिसरी खुर्ची घुसवायचा मोह होतो, पण मग माणसं बसणार कुठे, आणि दार उघडल्या उघडल्या कोणाच्या तरी दाढीसमोर उभं राहायचं हे कोणालाच आवडत नाही.

आरसा सलग भिंतभर घेतला तर जागा दुप्पट वाटते, नक्षीच्या फ्रेमचे सुटे आरसे घेतले तर प्रत्येक खुर्चीला आपली जागा मिळते पण खोली आखडते आणि नक्षीत परत पावडर बसते. कुठलाही घ्या, खालची कड काउंटरच्या थोडी वर ठेवा, पाणी लागून लागून मागचा मुलामा काळा पडतो. प्लग पॉइंट प्रत्येक खुर्चीला निदान तीन, आणि ड्रायरचा वेगळा, २००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, दोन ड्रायर एका लाइनीवर चालले की वायर तापणार.

खुर्चीत मात्र मी व्हिंटेजच्या बाजूने आहे. जुन्या धाटणीची जड लोखंडी बुडाची खुर्ची हलत नाही, डगमगत नाही, आणि दाढीला पाठ टेकून पडलेल्या माणसाला त्यात खरंच सुरक्षित वाटतं. बटणं नसलेली, सपाट शिवणीची गादी मागा, हेडरेस्ट वरखाली होतो का बघा आणि खुर्ची वरखाली करणाऱ्या हायड्रॉलिक पंपाचे सील तुमच्या भागात मिळतात का ते घ्यायच्या आधी विचारा. रिस्टोअर केलेली जुनी खुर्ची घेत असाल तर त्यावर वजनदार माणूस दहा मिनिटं बसवून ठेवा, हळूहळू खाली यायला लागली तर सील गेलेत.

तर दहा फूट रुंदीच्या गाळ्यात माझं मत सरळ आहे, कवच, म्हणजे भिंती, छत आणि फरशी, साधं ठेवा, फिकं, सपाट, पुसता येण्यासारखं, आणि ज्या गोष्टी उचलून नेता येतात, म्हणजे खुर्च्या, आरसे, बाजूचे दिवे, त्यात तुमचा लूक आणा. गाळा भाड्याचा असेल तर हे अजूनच पटेल, पॅनेलिंग आणि फरशी मालकाच्याच घशात जाते. बारा फुटांच्या वर रुंदी असेल आणि धंदा मुख्यतः निवांत दाढी आणि गरम टॉवेलचा असेल तर पूर्ण व्हिंटेज करा बिनधास्त, फक्त दिव्यांची दोन बटणं वेगळी घ्या, पिवळे बाकाकडे आणि पांढरे आरशाकडे, आणि इलेक्ट्रिशियनला हे भिंती फोडायच्या आधी सांगा.