लॉन की छत? फिशचा उन्हाळी कार्यक्रम कुठून ऐकावा

फिश या अमेरिकन रॉक बँडच्या उन्हाळी दौऱ्याच्या तारखा लागल्या की तिकीट काढताना एक निवड हमखास करावी लागते. अमेरिकेतल्या बऱ्याचशा उन्हाळी रंगमंचांची रचना सारखीच असते: पुढे छताखाली क्रमांकाच्या खुर्च्या आणि मागे उघडी, उतरती लॉन. लॉन स्वस्त आणि मोकळी, खुर्ची महाग आणि जागेला बांधलेली. सवाईला भारतीय बैठक घ्यावी की खुर्ची, हा हिशेब ज्यांनी कधी केला असेल त्यांना ही ओढाताण समजावून सांगायला नको. इथे मात्र खुर्चीचं तिकीट असलं तरी कोणी बसत नाही. दोन सेट (म्हणजे सत्रं) आणि शेवटचा एन्कोअर (म्हणजे वाढीव गाणी) मिळून जवळपास तीन तास उभं राहून नाचायचं असतं. टेकायला मिळतं ते मधल्या अर्ध्या-पाऊण तासात.

उदाहरणासाठी न्यूयॉर्क राज्यातलं साराटोगा स्प्रिंग्जचं परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर घेतो. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या मराठी मंडळींना गाडीने जाता येईल असं हे ठिकाण, आणि दोन्ही बाजूंचे गुणदोष तिथे ठळक दिसतात. १९६६ साली सरकारी उद्यानातल्या झाडीत हे उभं राहिलं. न्यूयॉर्क सिटी बॅले आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा यांचं ते उन्हाळ्यातलं घर आहे. छताखाली सुमारे ५,००० खुर्च्या, आणि लॉनवर त्याच्या कितीतरी पट माणसं मावतात.

आधी लॉनची बाजू. पाय पसरायला जागा मिळते, वारा लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर दुसरा विचारच करू नये; चादर, पाणी, कानांवर बसणारे मुलांचे इअरमफ घ्या आणि मागच्या कडेला बसा. चार मित्रांची तिकिटं चार ठिकाणची असली तरी लॉनवर सगळे एकत्र येऊ शकतात. ऐन सेटमध्ये बाहेर जायचं झालं तर अख्ख्या रांगेला उठवावं लागत नाही. जुलैमध्ये तिथे सूर्य मावळायला साडेआठ होतात, म्हणजे पहिला सेट बराचसा उजेडातच होतो. झाडांवरचं ऊन उतरत असताना पेज मॅकॉनेलचा पियानो ऐकू येणं हे लॉनवरचं सुख आहे, आणि छताखाली ते तसं मिळत नाही.

आवाजाचं गणित मात्र लॉनच्या बाजूने नाही. मंचावरचे मुख्य स्पीकर छताखालच्या खुर्च्यांकडे रोखलेले असतात. लॉनसाठी छताच्या मागच्या कडेला वेगळे स्पीकर टांगतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडतात, कारण ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ७० मीटरवर मूळ आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. हा उशीर नीट जुळवला नाही तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. जुळवला तरी एक उणीव राहते. खालचा बेस मुख्यतः मंचाजवळच्या सबवूफरमधूनच येतो आणि लॉनपर्यंत येताना पातळ होतो. बेस गिटार वाजवणाऱ्या माइक गॉर्डनचं बोट कुठे वळतंय यावर फिशचा निम्मा जॅम, म्हणजे आयत्या वेळी सुचत जाणारं वादन, ठरतो, आणि लॉनवर नेमका तोच धागा निसटतो. त्यात वारा आडवा असेल तर झांजांचा आवाज मध्येच येतो, मध्येच जातो.

एवढ्यावर मी लॉन सोडली नसती. पातळ बेसची कानाला सवय होते. माझ्यापुरता निकाल लागला तो गप्पांमुळे.

फिशचा दुसरा सेट बहुधा मोजक्या गाण्यांचा असतो, आणि त्यातलं एखादं वीस-पंचवीस मिनिटं चालतं. जाणकार त्याला ‘टाइप टू’ जॅम म्हणतात: गाण्याची मूळ चौकट सोडून बँड पूर्ण वेगळ्या जागी जातो. तिकडे जाण्याची वाट बहुतेकदा एका शांत टप्प्यातून जाते. जॉन फिशमन सगळे ड्रम सोडून फक्त झांजेवर येतो, पेज पियानोवरून इलेक्ट्रिक पियानोकडे वळतो, ट्रे अनास्टासियो गिटारवर एकच सूर लांबवत धरून ठेवतो. काही आवर्तनं काहीच घडत नाही असं वाटतं. मग माइक हळूच एक नवा स्वर टाकतो आणि तिघं तिकडे झुकतात. आलाप ऐकणाऱ्याला ही जागा ओळखता येईल. पुढची दहा मिनिटं तिथे जन्माला येतात.

लॉनवर नेमक्या याच क्षणी बोलण्याचा आवाज चढतो. कोणाची नोकरी, कोणाचं हॉटेल, पार्किंगमधून बाहेर कसं पडायचं. फिशच्या श्रोत्यांमध्ये अशा बोलणाऱ्यांना ‘चॉम्पर’ असं नावच आहे, म्हणजे तक्रार जुनी आहे. कारण सोपं आहे. छताखाली आवाज इतका भरलेला असतो की शेजाऱ्याला काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. लॉनवर आवाज कमी, म्हणून बोलणं शक्य होतं. आणि शक्य होतं म्हणून बोललं जातं. बँड खाली आला की मागे गप्पाच वर राहतात. जागा बदलूनही फारसा उपयोग होत नाही, कारण लॉनवर घोळके सतत सरकत असतात आणि दहा मिनिटांत नवा घोळका शेजारी येतो.

श्रोत्यांच्या आवाजावरच माझा आक्षेप आहे असं कोणी समजू नये. ३१ जुलै २०१३ रोजी लेक टाहोला उघड्यावर झालेला ‘ट्वीझर’ या गाण्याचा जॅम ३६ मिनिटांहून जास्त चालला, आणि त्यात बँड क्षणभर थांबायचा तेव्हा लोकांनी नेमक्या त्या फटीत ‘वू’ करून दाद दिली. बँडनेही मग त्या फटी मुद्दाम ठेवल्या. ती दाद संगीताचाच भाग झाली. ऐकणाऱ्याने समेवर दिलेली दाद आणि न ऐकणाऱ्याची बडबड यांत फार अंतर आहे.

आता छताखालच्या अडचणी, कारण त्याही खऱ्या आहेत. रांगांमधलं अंतर बसणाऱ्यांसाठी आखलेलं असतं. खुर्चीची घडी उलगडलेली राहिली तर तिची कड गुडघ्याच्या मागे लागत राहते, म्हणून नाचणाऱ्याने उभं राहताच ती मिटली आहे ना हे हाताने तपासावं. शेजारचा दीड माणसाची जागा घेत असेल तर तुम्हाला अर्धी उरते. जुलैतल्या दमट रात्री छताखाली हवा हलत नाही. पाण्याची बाटली हवीच. पुढच्या खुर्च्यांवर कानात १५ ते २० डेसिबलचे, संगीतासाठीचे इअरप्लग घालावेत. साधे फोमचे बोळे वरचे सूर खाऊन टाकतात आणि बेस तेवढा उरतो.

साराटोगात बाल्कनी आहे, आणि तिच्याखालच्या मागच्या रांगा टाळाव्यात असं मी म्हणेन. तिथे आवाज कोंडल्यासारखा येतो आणि दिव्यांचा वरचा भाग दिसत नाही. फिशच्या बाबतीत दिव्यांचं महत्त्व मोठं. प्रकाशयोजनाकार क्रिस कुरोडा अनेक वर्षं बँडबरोबर आहेत; जॅम कुठे वळतो ते ऐकत ते तिथल्या तिथे दिवे हलवतात. उजेड असेपर्यंत याचा काही परिणाम जाणवत नाही, पण दुसऱ्या सेटमध्ये निम्मं चित्र त्यांचं असतं. फार पुढे गेलात तर ते डोक्यावरून जातं. लॉनच्या मागच्या भागातून मंच छताखालच्या पट्टीतूनच दिसतो, म्हणजे चित्राचा माथाच कापला जातो. साउंडच्या टेबलाच्या आसपासची मधली जागा मला सगळ्यात बरी वाटते. आवाजाचं मिश्रण करणारा जे ऐकतो तेच तिथे ऐकू येतं. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्या श्रोत्यांना बँड वेगळी तिकिटं देतो, आणि त्यांची जागाही साधारण या टेबलामागेच असते. त्यात सगळं आलं. बेस जास्त हवा असेल तर मंचाकडे तोंड करून उजवीकडे, माइकच्या बाजूला सरका. डावी बाजू पेजची.

पावसाचा मुद्दा लोक छताच्या बाजूने मोजतात. भिजणं टळतं हे खरं, आणि लॉनचा उतार ओला झाला की चपला घसरतात, म्हणून तिथे पकड असलेले बूटच घालावेत. पण वीज चमकायला लागली तर कार्यक्रम सगळ्यांसाठीच थांबतो. १९ जुलै २०१३ रोजी शिकागोच्या नॉर्दर्ली आयलंडवर वादळामुळे दुसरा सेट अर्धाच राहिला होता.

ठिकाण बदललं की उत्तरही थोडं बदलतं. विस्कॉन्सिनमधल्या अल्पाइन व्हॅलीची लॉन इतकी चढी आहे की मागूनही समोरच्याच्या डोक्यावरून दिसतं. तिथे लॉन घेणाऱ्याला मी अडवणार नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या गॉर्जला छताखालच्या खुर्च्याच नाहीत. समोर कोलंबिया नदीचं खोरं असतं, संध्याकाळी वारा सुटतो, आणि सिअॅटलपासून सुमारे २४० किलोमीटर लांब असल्याने मुक्काम तंबूत करणं सोयीचं. कोलोरॅडोत डिक्सच्या स्टेडियममध्ये प्रश्नच वेगळा: मैदानात उभं राहायचं की कडेच्या आसनांवर. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे, त्यामुळे दुपारपासून पाणी पीत राहा.

साराटोगात लॉनच घ्यायची ठरली असेल तर अगदी छताच्या कडेखाली उभे राहू नका, लॉनच्या स्पीकरचा आवाज तिथे डोक्यावरून जातो. दहा-पंधरा मीटर मागे, साउंडच्या टेबलाच्या सरळ रेषेत थांबा. पायवाटा, बिअरचे ठेले आणि स्वच्छतागृहांची रांग यांपासून दूर राहा. गप्पा तिथूनच सुरू होतात. शाकाहारी असाल तर आत शिरण्याआधी पार्किंगमधल्या ‘शेकडाउन’ बाजारात ग्रिल्ड चीज किंवा भाज्यांचा बरिटो खाऊन घ्या. आत जाताना पिशवी आणि बाटली यांचे नियम कार्यक्रमागणिक बदलतात, ते त्याच आठवड्यात वाचा.

आणि छताखाली जायचं असेल तर लॉनचं तिकीट हातात ठेवून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कॅश-ऑर-ट्रेड या संकेतस्थळावर नजर ठेवा. तिथे श्रोते एकमेकांना मूळ किमतीतच तिकिटं देतात. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या मिळणं अवघड. एकट्याची एक मात्र निघते, कारण कोणाचा तरी मित्र ऐनवेळी येत नाही. मधला विभाग आणि रांगेच्या टोकाची खुर्ची दिसली तर लगेच घ्या: टोकाला एक पाय वाटेच्या बाजूला टाकता येतो, आणि मग नाचायला लॉनएवढी नसली तरी पुरेशी जागा होते.