कोल्हापुरातून अपॉस्टिल: कशाचे पैसे द्यावेत आणि कशाचे देऊ नयेत

परदेशात उतरल्यावर पहिल्या महिन्यात जे कागद लागतात, त्यांतले बरेचसे इथूनच नीट करून न्यावे लागतात. नेदरलँड्सचेच बघा. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने पोहोचल्यापासून पाच दिवसांत तिथल्या नगरपालिकेत नोंद करायची असते. तिथे अपॉस्टिल केलेला, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र लावलेला, जन्मदाखला मागतात, लग्न झालेले असेल तर विवाह दाखलाही. नोंदीतून बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक क्रमांक, मिळतो. तो क्रमांक कंपनीला दिला नाही, तर पगारावर थेट 52 टक्क्यांनी कर कापला जातो. स्पेनच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला पोलिसांच्या दाखल्यावर अपॉस्टिल हवे असते. तिकडे पोहोचल्यावर यातला एखादा कागद राहिला असे लक्षात आले, की इथे आईवडिलांची धावपळ सुरू होते.

व्हिसा आणि तिकिटांची कामे करणाऱ्या कार्यालयांच्या पाटीवर आता ‘अपॉस्टिल’ हा शब्द सर्रास दिसतो. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला ही सेवा कशी मिळते आणि तिचा कोणता भाग पैशाच्या मोलाचा आहे, हे पाहू. आमचे मत आधीच सांगतो. मुंबईतल्या टप्प्यासाठी मध्यस्थाला पैसे देणे योग्य आहे. पोलिसांच्या दाखल्याचा अर्ज भरून घेण्यासाठी पैसे देणे योग्य नाही. आणि कागदांवरची नावे जुळवण्याचे काम कितीही पैसे दिले तरी दुसरा कोणी करणार नाही.

अपॉस्टिल म्हणजे 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारानुसार लावला जाणारा प्रमाणपत्राचा चौकोन. भारतात तो 14 जुलै 2005 पासून चालतो. त्यात दहा क्रमांकित रकाने असतात: देश, सही कोणाची, त्याचे पद काय, शिक्का कोणाचा, वगैरे. या चौकोनाने फक्त सही आणि शिक्का खरा ठरतो, कागदातला मजकूर खरा ठरत नाही. हे नीट समजले की पुढची निम्मी गुंतागुंत सुटते. जन्मदाखल्यावर नाव चुकले असेल, तर त्या चुकीच्या नावाखाली अगदी खरे अपॉस्टिल लागून येते आणि परदेशातला कारकून तो कागद परत करतो.

परराष्ट्र मंत्रालयाने जुलै 2012 पासून सामान्य नागरिकाचे कागद थेट घेणे बंद केले आहे. ते मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फतच जातात आणि त्या संस्थांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. अपॉस्टिलचे सरकारी शुल्क एका कागदाला 50 रुपये. नेमलेल्या संस्थेचे सेवाशुल्क वेगळे, पण तेही हजारात जात नाही. मग आपल्याला सांगितलेला दर काही हजारांचा का होतो? मधला टप्पा महाग असतो म्हणून. परराष्ट्र मंत्रालयाकडे कागद जाण्याआधी राज्य सरकारने त्यावरची सही ओळखून साक्षांकन करावे लागते. आपल्यासाठी ते काम मुंबईत मंत्रालयात. शैक्षणिक कागद एका विभागाकडे, जन्म-विवाहाचे वैयक्तिक कागद दुसऱ्याकडे. वेळ जातो तो इथेच. स्वतः करायचे म्हटले तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, दिवसभर मंत्रालय, आणि एखादी त्रुटी निघाली की पुन्हा तीच फेरी. म्हणून या टप्प्याचे पैसे वसूल होतात. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसू लागले, तसे साक्षांकनाचे एक टेबल इथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात यावे, ही मागणी जोर लावून करण्यासारखी आहे.

मध्यस्थाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ‘राज्याचा शिक्का घेणार की दिल्लीच्या एसडीएमचा?’ दुसरा मार्ग असा, की कागद कुरियरने दिल्लीला जातो, तिथे नोटरी होते, तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा (एसडीएमचा) शिक्का बसतो आणि मग परराष्ट्र मंत्रालय. हा मार्ग लवकर होतो, स्वस्तही पडतो. पण पदवीच्या कागदावर काही देश आणि काही कंपन्या राज्याच्या शिक्षण खात्याचाच शिक्का मागतात, विशेषतः आखातातल्या. तिथे एसडीएमचा शिक्का घेऊन गेलात तर सगळे पहिल्यापासून. ज्या कार्यालयाला कागद द्यायचा आहे, त्यांच्याकडून ईमेलवर लेखी विचारून घ्या आणि तो ईमेल मध्यस्थाला दाखवा. दोन्हीतला फरक न सांगता नुसता ‘पंधरा दिवसांत होईल’ म्हणणाऱ्याकडे मूळ पदवी देऊ नये.

दुसरा प्रश्न देशाचा. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हेग करारात नाहीत. तिथे अपॉस्टिलचा उपयोग नाही. राज्य, परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास आणि शेवटी तिकडचे परराष्ट्र खाते अशी साखळी लागते. ओमान आणि बहरीन करारात आहेत, सौदी अरेबिया 7 डिसेंबर 2022 पासून आहे, कॅनडा 11 जानेवारी 2024 पासून. जुनी माहिती धरून बसलेला मध्यस्थ सौदीसाठी आजही दूतावासाचा खर्च सांगू शकतो, तेव्हा दर मान्य करण्याआधी हे तपासा.

जर्मनीला जाणाऱ्यांनी तर इथे थांबून वाचावे. राज्य सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आयटीआय झालेल्या मुलांपासून नर्सिंगच्या मुलींपर्यंत अनेकांच्या डोळ्यासमोर जर्मनी आहे. पण भारताच्या हेग करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्यामुळे भारतीय अपॉस्टिल जर्मनीत लागू होत नाही. विद्यार्थ्यांच्या पदव्या आणि गुणपत्रके एपीएस, म्हणजे जर्मन दूतावासाचे शैक्षणिक कागद तपासणारे केंद्र, तपासून दाखला देते. नोव्हेंबर 2022 पासून तो दाखला सक्तीचा आहे, शुल्क 18,000 रुपये. जन्म किंवा विवाहाच्या कागदांबाबत जर्मनीतले कार्यालय गरज वाटल्यास भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत इथे प्रत्यक्ष पडताळणी करून घेते आणि त्याचा खर्च अर्जदाराकडून घेतला जातो. म्हणून जर्मनीसाठी अपॉस्टिल ‘कंपल्सरी आहे’ असे कोणी सांगितले, तर ‘कोणी मागितले ते लेखी दाखवा’ म्हणा. तेवढ्यात हजारो रुपये वाचतात.

आता कागदांकडे. सगळ्यात जास्त घोळ जन्मदाखल्यात होतो. महापालिकेचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांत या कामापुरता मोठा फरक आहे. शाहूवाडी, आजरा, पन्हाळा भागातल्या ग्रामसेवकाची सही मुंबईत कोणी ओळखत असेलच असे नाही. तिथे वरच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाऊ शकते. ती आधीच घेऊन ठेवली तर कागद परत येत नाही. जुने हाताने लिहिलेले, फक्त मराठीतले दाखले असतील तर नवीन, संगणकीय आणि मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक दाखला काढा. डच नगरपालिका इंग्रजी कागद चालवून घेतात, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचतो. बाळाचे नाव न घालता केलेल्या नोंदी ही आपल्याकडची जुनी अडचण आहे. दाखल्यावर नावाच्या जागी रिकामी रेघ असते आणि घरात कोणाच्या ते कधी लक्षातच आलेले नसते. नोंदीनंतर पहिले वर्षभर नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्याहून जुनी नोंद असेल तर आधी जन्म-मृत्यू नोंदणी विभागात चौकशी करा, पासपोर्टच्या मागे नंतर लागा.

जन्मस्थळ हाही असाच छुपा काटा. पासपोर्टवर ‘कोल्हापूर’ आणि जन्मदाखल्यावर ‘वडणगे’ असेल तर परदेशी संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात. जन्म माहेरी, आजोळच्या गावी झालेला असतो आणि पासपोर्टच्या अर्जात सवयीने कोल्हापूर लिहिले जाते. परदेशात एकदा चुकीची नोंद झाली, की ती पुढे मुलांच्या जन्मनोंदीपर्यंत उतरत जाते.

नावांचे तर विचारूच नका. आपल्या गुणपत्रकावर आडनाव पहिले, मग नाव, मग वडिलांचे नाव, काही कागदांवर आईचेही नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचे नाव बहुधा स्वतःच्या नावाच्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. मधला पूल म्हणजे विवाह दाखला, आणि त्यावर दोन्ही नावे पूर्ण, योग्य स्पेलिंगने असली पाहिजेत. नुसत्या प्रतिज्ञापत्राने इथे काम भागते, परदेशात बहुतेक वेळा भागत नाही. नाव मुळातच बदलले असेल तर राज्य राजपत्रातली प्रसिद्धी लागते आणि त्या पानाची प्रत सोबत ठेवावी. करायचे एवढेच: टेबलावर पासपोर्ट, जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी आणि विवाह दाखला शेजारी शेजारी मांडा, आणि नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावे अक्षर न अक्षर वाचून ताडून बघा. एकट्याने वाचू नका. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने बघावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि या सगळ्या प्रक्रियेत याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

लॅमिनेशन केलेली प्रमाणपत्रे ही आपल्या घराघरांतली दुसरी अडचण. कागद जपायच्या प्रेमाने केलेले असते, पण शिक्का आणि चिकटपत्री कागदाच्या पाठीवर लागायची असते, प्लॅस्टिकवर नाही. लॅमिनेशन उकलायला गेले की शाई सोबत निघते. उकलू नका. दहावी-बारावीसाठी कोल्हापूर विभागीय मंडळाकडून (सांगली आणि साताऱ्याचे विद्यार्थीही याच मंडळात येतात) आणि पदवीसाठी शिवाजी विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मागवा. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशपत्राची वाट न बघता आधीच अर्ज करा.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, मात्र स्वतः काढण्यासारखा सोपा आहे. आपले विभागीय पासपोर्ट कार्यालय पुण्याला, पण 28 सप्टेंबर 2022 पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतले जातात. त्यामुळे पुण्याची फेरी टळते. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज, 500 रुपये शुल्क, वेळ ठरवून मूळ कागदांसह हजेरी. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, कारण पोलिस ठाण्याची पडताळणी त्यावर होते. यातला फसवा भाग एकच. जिल्हा पोलिसांकडून खासगी नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा. परदेशी वकिलातींना सहसा पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी हवा असतो. तो केंद्राच्याच कार्यालयाचा कागद असल्याने त्याला मंत्रालयातला राज्याचा टप्पा लागत नाही. मध्यस्थाने पीसीसीसाठी ‘राज्य साक्षांकना’चे पैसे लावले असतील तर हिशेब परत मागा. पीसीसी फार आधी काढू नका. बहुतेक ठिकाणी तो सहा महिन्यांच्या आतलाच चालतो. अपॉस्टिलला स्वतःची मुदत नसते, पण खालचा कागद शिळा झाला की वरच्या शिक्क्याला अर्थ राहत नाही.

भाषांतराचा क्रमही महत्त्वाचा. आधी अपॉस्टिल, मग भाषांतर, कारण अपॉस्टिलचा चौकोनही भाषांतरात यावा लागतो. स्पेनसारख्या देशांना त्यांच्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराचेच भाषांतर हवे असते. इथे कोणाकडून तरी करून घेतलेले फुकट जाते.

व्यवहार ठरवताना दर एकरकमी घेऊ नका. सरकारी शुल्क, सेवाशुल्क, मुंबई किंवा दिल्लीचा खर्च आणि कुरियर असे वेगवेगळे लिहून घ्या. मूळ पासपोर्ट देऊ नका, अपॉस्टिलसाठी त्याची छायाप्रत पुरते. पोचपावतीवर ‘तीन कागद’ असे मोघम नको, प्रत्येक कागदाचे नाव आणि क्रमांक हवा. कागद देण्याआधी दोन्ही बाजूंचे स्कॅन करून ठेवा, कारण परत आल्यावर पाठ भरलेली असते. परत आलेल्या कागदावरचा क्रमांक आणि तारीख परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून पडताळणी करता येते. ही तपासणी त्यांच्याच टेबलासमोर उभे राहून मोबाइलवर करावी आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.

जे आधीच परदेशात आहेत आणि इथे वडील किंवा भाऊ धावपळ करणार आहेत, त्यांनी प्रत्येक कागदासाठी वेगळे अधिकारपत्र आणि पासपोर्टची स्वसाक्षांकित प्रत पाठवावी. घर, जमीन किंवा बँकेच्या कामासाठी मुखत्यारपत्र करायचे असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरा. पाकीट कुरियरवाल्याने दिले त्या दिवसाची पावती याच कारणासाठी जपून ठेवावी लागते.