‘मोटर गेली’ म्हणून सांगणाऱ्यापासून सावध राहा

घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर आहे आणि तो ठेवायचा की बदलायचा, अशा विचारात जे कोणी असतील त्यांनी हे जरूर वाचावं. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या आपल्या भागात जुन्या घरांतून रेकॉर्डी अजून पुष्कळ आहेत. ऐकणारी माणसं गेली, मशीन कपाटावर चढलं, आणि आता ही मशीनं गोळा करत घरोघर फिरणारे आलेत. त्यातले सगळेच वाईट नसतील. पण माझ्याकडे आलेल्याने मला डोळ्यांदेखत, हातात पुरावा देऊन फसवलं.

आमच्याकडचा प्लेअर गॅरार्ड कंपनीचा, इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातला. अण्णांनी त्याला सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती. टिळकवाडीतल्या आमच्या घरात त्याच्यावर मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि सगळ्यात जास्त कुमार गंधर्व वाजायचे. कुमारजींचा जन्म १९२४ साली इथल्याच सुळेभावीचा, त्यामुळे अण्णांना त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखा अभिमान. अण्णांच्या मागे मी ते मशीन चालू ठेवलं. अलीकडे मात्र एक त्रास सुरू झाला होता. विलंबित लय लागली की तंबोऱ्याच्या मागे ‘धप्... धप्... धप्’ असा बारीक आवाज यायचा. द्रुतमध्ये कळत नसे, पण आलापीत असह्य व्हायचं. म्हणून दुरुस्त करावं की नवीन घ्यावं, याची मी चौकशी करत होते.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. माणूस घरी आला, गोड बोलणारा, मराठी-कानडी दोन्ही सफाईदार. आल्या आल्या त्याने पिशवीतून पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली. तिच्या कडेला बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या. ती त्याने थाळीवर ठेवली, हॉलमधली जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावायला सांगितली आणि मशीन ३३⅓ वर चालू केलं.

“बघा काकू, या रेघा एका जागी थांबल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. दिसतात काय?”

दिसत नव्हत्या. सगळ्या रेघा पुढे पळत होत्या. मी दोनदा वाकून पाहिलं.

“स्पीड वाढलाय की वो. मोटर गेलीय. याचं सामान आता कुठंच मिळत नाही.”

या चकतीला स्ट्रोबोस्कोप म्हणतात आणि ती खोटी नसते, स्पीड तपासायची ती खरीच पद्धत आहे. आपल्याकडची वीज ५० सायकलची. त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते जाणवत नाही. थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असेल आणि चकतीवर बरोबर १८० रेघा असतील, तर सेकंदाला १०० रेघा डोळ्यांसमोरून जातात, दर लुकलुकीला मागची रेघ पुढचीच्या जागी येते आणि चकती स्थिर भासते. अमेरिकेत वीज ६० सायकलची, म्हणून तिकडच्या चकतीवर २१६ रेघा असतात. ती चकती आपल्या ट्यूबखाली ठेवली तर मशीन कितीही अचूक असलं तरी रेघा पळतच राहणार. त्याने माझ्या मशीनवर ठेवली ती २१६ची होती.

पुढचं सगळं त्या एका चकतीवर उभं राहिलं. पिनच्या डोक्याबद्दल, म्हणजे कार्ट्रिजबद्दल, तो म्हणाला, “हे शुअर कंपनीचं, कंपनीनं बनवणंच बंद केलंय.” हे खरं आहे. शुअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं थांबवलं. पण त्यांच्या जुन्या कार्ट्रिजना बसणाऱ्या सुया जपानची जिको कंपनी बनवते, आणि शुअरने बनवणं बंद केल्यामुळेच जुन्या कार्ट्रिजना मागणी आहे, हे त्याने सांगितलं नाही. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, असं माझं आता ठाम मत झालंय.

शेवटी त्याने जुन्याचे १,५०० रुपये धरले आणि सुटकेसच्या आकाराचा नवा प्लेअर ९,५०० ला दिला. म्हणजे रोख आठ हजार. पावतीवर ‘बंद जुने मशीन, बदलीत घेतले’ असं लिहून सही घेतली. चकती मात्र नव्या मशीनच्या खोक्यात तशीच राहिली, म्हणून पुढचा उलगडा झाला.

नव्या मशीनवर पहिलीच एलपी लावली तेव्हा आवाज पत्र्यासारखा आला. मला वाटलं, सवय नाही म्हणून असेल. मग ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, एक जुनी रेकॉर्ड लावली, तर नुसती खरखर. शहापूरला एक वयस्कर रेडिओ मेकॅनिक आहेत, अण्णांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे ते मशीन आणि चकती घेऊन गेले. त्यांनी आधी मशीन पाहिलंच नाही. मला विचारलं, “तुमच्या जुन्या मशीनवर गाणं वर चढलं होतं काय?”

नव्हतं. सूर होता तिथेच होता, फक्त ती धपधप.

“मग स्पीड कसला वाढतोय?”

चकतीवर एका रेघेला पेन्सिलची खूण करून ते मोजायला बसले. २१६ भरल्या. मग त्यांनी समजावलं. आपल्या ट्यूबखाली १८०ची चकती तेवढ्या वेगाने पळायची असेल तर थाळी मिनिटाला ४० फेरे घेत असली पाहिजे. तसं झालं असतं तर पांढरी एकचं गाणं काळी दोनला जाऊन पोचलं असतं आणि मन्सूरांचा आवाज कुणालाही ओळखू आला नसता. शिवाय त्या मशीनची मोटर चार पोलची. ५० सायकलवर ती मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही. तेल सुकलं तर अशी मोटर मंद होईल, पण म्हातारी होऊन जास्त पळणार नाही. धपधप होती ती मोटर आणि थाळी यांच्या मधल्या रबरी चाकाची. मशीन बंद असताना ते चाक एकाच जागी दाबून राहिलं की रबर तिथे चपटं होतं आणि दर फेऱ्याला तेवढा ठोका पडतो. रबर घासून गोल करून घ्यायचं, नाहीतर चाकावर नवं रबर चढवून घ्यायचं, एवढंच काम होतं.

नव्या मशीनचं काय, ते त्यांनी शेजारच्या सराफाचा काटा आणून दाखवलं. काटा थाळीच्या उंचीला धरून त्यावर सुई टेकवली, तर साडेपाच ग्रॅमच्या वर वजन आलं. माझ्या जुन्या मशीनवर हिऱ्याची सुई दोन-अडीच ग्रॅमवर चालायची. नव्याच्या आर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, मागे वजनच नाही, कमीजास्त करायची सोय नाही, आणि सुई नीलमाची, म्हणजे लवकर झिजणारी. झिजलेली सुई एवढ्या वजनाने खाचेत घासत राहिली तर एलपी खराब होणारच. ७८च्या लाखेच्या रेकॉर्डीत खनिजाची भुकटी असते, ती तर अशी सुई आणखी लवकर खाते. त्यात त्यांची खाच रुंद, तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते. नव्याची बारीक सुई खाचेच्या तळाला लागून नुसता कचरा उकरते, म्हणून ती खरखर. अण्णांकडे ७८साठी वेगळी सुई डबीत होती. ती डबीसुद्धा ‘आता काय उपयोग’ म्हणत तो घेऊन गेला.

काही आठवड्यांनी पुतण्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. सागवानी पेटी, पुढच्या उजव्या कोपऱ्यावर उदबत्तीने पडलेला काळा डाग. आमचंच मशीन. किंमत २४,००० रुपये, वर ‘ओरिजिनल, स्पीड अचूक’. सोबतच्या व्हिडिओत थाळीवर स्ट्रोबची चकती फिरत होती आणि तिच्यावरच्या रेघा जागच्या जागी उभ्या होत्या. धपधपीचा पत्ता नव्हता. रबराचं काम त्याने करून घेतलं होतं.

फोन केला, तर आधी ‘ते वेगळं मशीन’, मग उत्तरच नाही. दुसऱ्या दिवशी जाहिरात गेली. पोलीस ठाण्यात पावतीवरच्या ‘बंद मशीन’ या शब्दांवर बोट ठेवलं गेलं, तरी अर्ज घेतला. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतेय. पाच लाखांच्या आतल्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर माहिती मिळते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पुतण्याने लगेच काढून ठेवला म्हणून हातात काहीतरी आहे.

तुमच्याकडे कोणी चकती घेऊन आलं तर त्याच्यासमोर रेघा मोजा, किंवा तीवर ५० लिहिलंय की ६० ते बघा. पावतीवर मशीनचं आणि कार्ट्रिजचं नाव, मॉडेल लिहून घ्या आणि चालू असेल तर ‘चालू’ हाच शब्द लिहायला लावा. आर्मला मागे सरकतं वजन नसलेलं मशीन कितीही चकचकीत असो, जुन्या रेकॉर्डी त्यावर लावू नका. माझं मत विचाराल तर चाकाचं रबर, तेल, सुई एवढ्यावर चालणारं मशीन बदलूच नये.

आमचं मशीन कुठे विकायला आलेलं दिसलं तर ओळखायची आणखी एक खूण आहे. थाळी उचलली की खालच्या पत्र्यावर डाव्या बाजूला तेल घातल्याच्या तारखा पेन्सिलने मराठीत लिहिलेल्या आहेत. त्या पुसल्या नसतील तर विकणाऱ्याला तिथेच थांबवून ठेवा, आणि मला कळवा.