वर्गणीचे २९,८०० रुपये बुडाले, सेलमधून मोठा टीव्ही घेणाऱ्याइनं हे वाचून घ्या

पयले आकडा सांगतो, मंग बाकीचं. टीव्ही २७,५००, भिंतीचा स्टँड १,२००, टेम्पोचं भाडं ८००, अन नंतर उघडून पाहणाऱ्या मेकॅनिकचे ३००. झाले २९,८००. माझ्या खिशातले असते तर एखादवेळ गप बसलो असतो, पण हे गावाच्या वर्गणीचे पैसे होते अन खरेदीले गावानं मले पाठवलं होतं. लोकाइसमोर मान वर करून चालणं मुश्किल झालं आहे, तरी लिहून राहिलो कारण हे सेलवाले आता दुसऱ्या तालुक्यात पोचले असतीन.

आमचं गाव अमरावतीपासून दीड-दोन तासावर. समाजमंदिराच्या खोलीत पोट्ट्याइसाठी अभ्यासिका चालवतो, पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक असे सगळे बसतात. एका मोबाइलमध्ये चार-पाच जण डोकं घालून गणिताचं लेक्चर पाहत, म्हणून ठरलं का ५५ इंची टीव्ही घ्यायचा. ३१,१५० जमा झाले. सोयाबीन तेव्हाच निघालं होतं, हमीभाव ५,३२८ कागदावर, व्यापारी ३,९०० च्या वर सरकत नव्हता, तरी लोकाइनं दिले. श्रावणबाळच्या पंधराशेतून दोनशे काढून देणारी आजी आहे त्यात.

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या मंगल कार्यालयात सेल लागला. असे सेल कसे असतात ते तुम्हाले माहीत आहे, ऑटोवर भोंगा, गोदामाचा माल, कंपनी टू कस्टमर, शेवटचे चार दिवस. मले कोणी म्हणू नये का स्वस्त पाहून धावला. ऑनलाइनवर ५५ इंची फोर-के तीस-पस्तीस हजारात दिसतेच, मंग २७,५०० काही फुकटचा भाव नव्हता. पंधरा हजार म्हटलं असतं तर मी तिथूनच परतलो असतो, अन हे त्याइले बरोबर माहीत असते, म्हणूनच भाव असा ठेवतात का शंका यायले नको. ऑनलाइन काहून नाही मागवला म्हणाल तर आमच्या पिनकोडवर मोठा टीव्ही येतच नाही, डिलिव्हरी उपलब्ध नाही असं दाखवते. गावातल्या माणसानं करावं काय?

आता तो क्षण सांगतो जो माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. सगळ्या टीव्हीवर पेनड्राइव्हमधून एकच व्हिडिओ सुरू होता, काळ्या पाण्यात रंगीत मासे, मंग फुलं, मंग वाघ. चित्र एकदम झकास. मधात व्हिडिओ संपला अन दुसरा सुरू व्हायच्या आधी पडदा पांढरा झाला, एक-दोन सेकंदच, अन त्या पांढऱ्यावर उजव्या बाजूले निळसर गोळे चमकले, बल्ब लावल्यासारखे. मी पाहिले. मी त्याले विचारलं पण, भाऊ हे काय आहे? तोवर त्यानं रिमोट दाबून मासे परत आणले अन म्हणे, काका ती वरची प्रोटेक्शन फिल्म आहे, घरी नेली का काढून टाकजा. आता फिल्म असते हे खरं आहे, नवीन मोबाइलवर असते, टीव्हीच्या कडेले असते. कोणीही मानलं असतं. पण फिल्म असती तर ती माशावर पण दिसली असती ना! तिथंच हात आखडायले पायजे होता, तिथंच म्हणायले पायजे होतं का पांढरा पडदा परत लाव अन पाच मिनिट तसाच ठेव. माझ्यासोबतचा भाचा म्हणाला होता, मामा माझ्या हॉटस्पॉटवर यूट्यूब लावून पाहू. तर सेलवाला म्हणे इथं रेंज नाही. रेंज होती, पैसे भरतानी यूपीआय एका झटक्यात गेलं.

लिहून ठेवा: टीव्ही पाहायचा तर पूर्ण पांढरा फोटो लावून पाहा, मंग पूर्ण राखाडी. वाघ-मासे पाहू नका.

दुसरी गोष्ट बिलाची. पक्कं बिल मागतलं तर म्हणे २८ टक्के जीएसटी लागते, ७,७०० वरून द्या, नाहीतर कच्च्यात घ्या. तेव्हा ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झालेला होता, पेपरात आलं होतं. ज्याचा धंदाच टीव्हीचा आहे तो जुना टॅक्स सांगून राहिला! अन छापील एमआरपीत सगळा टॅक्स धरलेलाच असते, वरून मागताच येत नाही. खोक्यावर एमआरपी ८९,९९०, बनवणाऱ्याचा पत्ता काहीच नाही. मी ७,५०० यूपीआय केले, २०,००० नगदी मोजले, अन हाती आलं ते एक वॉरंटी कार्ड, ३ वर्षं ऑनसाइट म्हणे. त्यावरचा नंबर सेल उठला तसा बंद.

गावात आणून लावला अन लेक्चर सुरू केलं. लेक्चर म्हणजे पांढरा बोर्ड. गोळे सगळ्याइले दिसले, पोट्टे काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं मले. मंग एकानं टेप आणला. ५५ इंच म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, काळी फ्रेम सोडून, जवळपास १४० सेंटिमीटर पायजे, आडवा १२२ च्या आसपास. आमचा निघाला तिरपा १२७, आडवा १११. म्हणजे ५० इंची. चार बोटाची फ्रेम अन मोठं खोकं, त्यात इंच लपवले. टेप खिशात घेऊन जा, दहा रुपयाचा शिंप्याचा पण चालते.

मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं तर पॅनलच्या, म्हणजे आतल्या पडद्याच्या, स्टिकरवर साल २०१७ अन ठिपके १९२० गुणिले १०८०. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० लागते, हे तर चौथा हिस्सा झालं. मेनूत मात्र ४के लिहिलेलं, मेनूत काय, सॉफ्टवेअरमध्ये काहीही लिहिता येते. जुना पॅनल, आत नवीन स्वस्तातल्या एलईडी पट्ट्या, अन पट्टीवरच्या भिंगाच्या टोप्या गळून पडलेल्या, त्याचेच ते गोळे. रिमोटवरचं सिनेमाच्या ॲपचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, प्ले स्टोअर पण खरं नाही. मागच्या पट्टीवर आर पासून सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे मालाची प्रमाणं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नंबर होता, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर असा नंबरच नाही. हे ॲप फुकट आहे, दुकानात उभं राहून टाका, नंबर निघाला नाही तर सरळ बाहेर या.

आता साहेब लोकाइचं ऐका. ठाण्यात गेलो तर म्हणे हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं खोटं सांगून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये फसवणूकच आहे ना हे? तर म्हणे तुम्ही वकील हाय का? बरं, यूपीआयचा कागद दाखवला तर म्हणे ऑनलाइन आहे, १९३० वर, सायबर फसवणुकीच्या नंबरवर, फोन करा. अरे साहेब, मी त्या माणसाच्या तोंडासमोर उभं राहून पैसे दिले, अन २०,००० तर नगदी आहेत, त्याचं काय? तर म्हणे नगदीचं बिल आणा. बिल असतं तर मी तुमच्याकडे कायले आलो असतो! वजनमाप्याच्या हापिसात गेलो, खोक्यावर पत्ता नाही ही सरळ त्याइच्या नियमात बसणारी गोष्ट, तर साहेब दौऱ्यावर. नगरपंचायत म्हणे परवानगी हॉलवाल्यानं घ्यायची असते. हॉलवाला म्हणे मी हॉल भाड्यानं देतो, लग्न असो का सेल, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली होती ती सापडून नाही राहिली. भर बाजारात चार दिवस भोंगा वाजत होता, तो सगळ्याइले ऐकू आला, अन आता कोणालेच काही माहीत नाही. सोयाबीनच्या एका ट्रॉलीचे कागद कमी असले तर हेच लोक रस्त्यावर अडवतात. तक्रारीची पोच मागतली तरी तोंड फिरवतात. पोच घेतल्याशिवाय उठू नका, नसन देत तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं एसपी हापिसात पाठवा, मी पाठवला.

काही जण म्हणतात सोडून दे. नाही सोडत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखाच्या आतल्या व्यवहाराले फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, अन २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येते. मुदत दोन वर्षं. यूपीआय ज्याच्या खात्यात गेलं तो एक अन हॉलवाला दुसरा, दोघाइले पार्टी करून राहिलो. मेकॅनिककडून लेखी घेतलं आहे, पॅनलच्या स्टिकरचा फोटो आहे, टेप लावलेला व्हिडिओ आहे.

दिवाळीच्या आसपास मंगल कार्यालयातल्या सेलमधून असाच मासे-वाघवाला ५५ इंची कोणी घेतला असेल तर खोकं अन वॉरंटी कार्ड फेकू नका, स्वतःच्या हातानं मागचं झाकण उघडू नका, मेकॅनिकसमोर उघडून फोटो काढा अन पैसे कोणत्या नावाच्या खात्यात गेले ते पाहून ठेवा. नाव तेच निघालं तर सांगा, अर्ज एकत्र देऊ, एकट्याले हे लोक दारातूनच परत पाठवतात.